पाण्याने भिजलेली घरे आणि ती सावरणारे हात



पुराच्या पाण्याने आणि पावसाने खराब झालेली घरे पुन्हा कशी उभी करावीत, असा विषय मी घेतला आहे. आपल्यापैकी काहींना याचे हसू येईल. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणारी गावे आपली. राळेगणसिद्धीने पडलेला थेंब अडवून दाखविला आणि त्याचे नाव देशभर झाले, तेही पाणी नव्हते म्हणूनच. अशा ठिकाणी पुराची गोष्ट कोणी कशाला ऐकावी?

पण आपले घर मोडायला पूर यावा लागत नाही, तीन दिवसांची झड पुरते. ज्यांच्या घरावर अजून माळवद आहे त्यांना हे मी सांगायला नको. आणि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. हंड्यासाठी भांडणारी गावे गुडघाभर पाण्यात उभी होती. पाणी अडवायला आपण शिकलो. घरात शिरलेले पाणी कसे काढावे आणि ते निघून गेल्यावर भिंतीचे काय करावे, हे मात्र आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

मी इंजिनियर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. गवंडी, पाथरवट, बिगारी यांची संघटना बांधण्यात तीस वर्षे गेली, आणि मला जे थोडेफार कळते ते त्यांच्या तोंडून ऐकलेले, त्यांच्या कामावर उभे राहून पाहिलेले आणि मागाहून वाचनालयात बसून ताडून घेतलेले आहे. तेव्हा एखाद्या ठिकाणी शास्त्रीय शब्द चुकला तर विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम आपले जुने घर कसे आहे ते पाहू. बाहेरून आपल्याला दगडी भिंत दिसते आणि आपण म्हणतो, दगडच तो, त्याला पाणी काय करणार! परंतु ही भिंत एका दगडाची नसते. तिला दोन तोंडे असतात, एक बाहेरचे आणि एक आतले, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि माती भरलेली असते. चांगला गवंडी मधून मधून एखादा लांब दगड दोन्ही तोंडांच्या आरपार घालतो, म्हणजे ती एकमेकींना धरून राहतात. वर खांब, तुळया, सर, त्यांवर किलचण म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पाला आणि मग हातभर माती. सर्वांत वर पांढरीच्या मातीचा थर. पावसाळ्याच्या आधी ही माती दरवर्षी घालावी लागे, चोपावी लागे. माळवदाला उतार अगदी थोडा, आणि पाणी जाण्यासाठी एक पन्हळ.

आता ही पन्हळ बुजली असे समजा. म्हातारी आई वारली, मुले मुंबईला नाहीतर पुण्याला, घराला कुलूप. पारनेर तालुक्यात अशी कुलपे किती आहेत हे मी सांगण्याची गरज नाही. या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या खिशात त्यांच्या किल्ल्या असतील. पन्हळीत पक्ष्याचे घरटे, पाल्याचा कचरा. पाणी माळवदावर साचते, मातीत मुरते, तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते तिथे जाऊन बसते. ते टोक भिंतीत झाकलेले, त्याला वारा नाही. ते कुजते, आणि बाहेरून तुळई धडधाकट दिसते. तिथूनच पाणी भिंतीच्या पोटात उतरते आणि आतली माती हळूहळू वाहून खाली बसते. मग बाहेरचे तोंड सुटते. भिंतीने पोट काढले, असे गवंडी म्हणतात. भिंतीने पोट काढले की तिची वेळ जवळ आली. दगडाला काही झालेले नसते. दगडांना धरणारी माती गेलेली असते.

पुराचे पाणी हेच काम वर्षांऐवजी तासांत करते. त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारच्या पुण्याचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा येथले वाडे लाकडी सांगाड्याचे; खाली दगडी जोते आणि वर मातीत रचलेल्या विटा. पाणी नुसते येऊन गेले असते तर कदाचित पुष्कळसे वाडे राहिले असते. पण ते तासन्‌तास थांबले. मातीचे सांधे विरघळले आणि भिंती आपल्याच वजनाने बसल्या. हजारो कुटुंबे निस्सेन हटांत राहायला गेली आणि पुण्याचा नकाशा बदलून गेला. त्याच नदीच्या अगदी काठावर पेशवाईतले ओंकारेश्वराचे देऊळ आहे. ते त्या दिवशी पाण्याच्या तोंडावर होते, आणि आजही उभे आहे. घडीव दगड आणि चुना. पाणी तेच होते, दिवस तोच होता. सांध्यात काय भरले होते एवढाच फरक.

म्हणून दोन शब्द चुन्याविषयी बोलतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला एक वायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. पाणी टाकून तो विरवायचा, कित्येक दिवस मुरत ठेवायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा. गावोगाव चुन्याची घाणी असे. दगडी चर गोल खणलेला, त्यात बैलाने ओढायचे दगडी चाक. त्यात कोणी गूळ घाले, कोणी हिरडा, कोणी बेलफळाचा गर. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतून तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही. पण एकदा झाला की त्याच्यात एक गुण असतो: भिंतीत ओल शिरली तर तो तिला बाहेर जाऊ देतो. नगरजवळचा फराहबाग महाल निजामशाहीत सोळाव्या शतकात तलावाच्या मधोमध बांधला. चारी बाजूंनी पाणी ठेवूनच तो उभा केला. ज्यांनी तो बांधला ते पाण्याला भीत नव्हते, कारण पाण्याला वाट कशी द्यायची हे त्यांना ठाऊक होते.

आता आपण काय करतो ते पहा. पाणी ओसरते. भिंत कमरेपर्यंत ओली, पोपडे सुटलेले, वास येतो, घरात लग्न ठरलेले किंवा पाहुणे यायचे. मालक ठेकेदाराला बोलावतो. ठेकेदार आठ दिवसांत कमरेपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा मारून देतो, वर रंग. घर नवे दिसते. सगळे म्हणतात, झकास काम झाले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर सिमेंटच्या वर, छातीपाशी, पांढरी भुकटी फुटू लागते. हा लोणा. भिंतीत पाणी कोंडले गेले, त्याला खाली वाट राहिली नाही, म्हणून ते वर चढले. बरोबर जमिनीतले आणि मातीतले क्षार घेऊन गेले. पाणी सुकते तिथे क्षाराचे खडे होतात, आणि ते खडे फुगताना विटेचा आणि दगडाचाही भुगा करतात. मालक पुन्हा ठेकेदाराला बोलावतो, आणि तो सिमेंट छातीपर्यंत नेतो. अशा रीतीने सिमेंट एक एक हात वर जाते आणि मागे भिंत पोकळ होत जाते. मी सिमेंटच्या विरुद्ध नाही. धरणे, पूल त्यावाचून झाले नसते. पण मातीच्या आणि चुन्याच्या ओल्या भिंतीवर सिमेंट मारणे म्हणजे घामाने भिजलेल्या माणसाला रबराचा अंगरखा घालून उन्हात उभे करणे होय.

मग करायचे काय? गवंडी सांगतात ते असे. पहिल्या दिवशी विजेचा मुख्य खटका बंद. गाळ ओला आहे तोवर काढायचा. वाळला की तो दगडासारखा होतो आणि खरवडताना भिंतीची माती घेऊन येतो. तळघर किंवा बळद पाण्याने भरले असेल तर पंप लावून एका तासात उपसू नये. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते, तिचा रेटा भिंतीवर असतो. आतले पाणी त्या रेट्याला धरून असते. ते एकदम काढले की भिंत आत येते. दिवसाला थोडे थोडे काढावे. खालचा सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढून टाकावा, भिंत उघडी करावी. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पण घरात जाळ करून भिंत शेकू नये. वरचे तोंड वाळते, तडकते आणि आतली ओल तशीच राहते. लाकूड सावलीत वाळवावे. जिथे भिंतीने पोट काढले असेल तिथे तुळईला खालून टेकू द्यावा, आणि हे पहिल्याच दिवशी करावे, कारण पुष्कळ भिंती पाण्यात पडत नाहीत, पाणी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतात. माणसे सामान काढायला आत गेलेली असतात तेव्हा.

आणि मग थांबावे. हा शब्द कोणालाच आवडत नाही. जाणकारांचा जुना अडाखा असा की भिंतीची इंचभर जाडी वाळायला महिना लागतो. आपल्या भिंती दोन-दोन हात जाड. दोन्ही बाजूंनी वाळल्या तरी हिशेब वर्षाच्या पुढे जातो. आपली हवा कोरडी म्हणून कोकणापेक्षा आपले लवकर निभते, एवढेच. दरम्यान राहायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. मी तो टाळणार नाही; त्याच्याकडे येतो.

थांबण्याचे फळ काय असते याचे उदाहरण परदेशातले आहे. पानशेतनंतर पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, इटलीत फ्लोरेन्स शहरात आर्नो नदीचे पाणी शिरले. चर्चे, चित्रशाळा, राष्ट्रीय ग्रंथालय, सगळीकडे चिखल आणि जळाऊ तेलाचा थर. देशोदेशींची तरुण मुले आपण होऊन तिथे गेली आणि चिखलातून पुस्तके काढू लागली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पण मला त्यांच्यापेक्षाही दुसरी गोष्ट मोठी वाटते. व्हासारी नावाच्या चित्रकाराचे लाकडी फळ्यांवर काढलेले एक मोठे चित्र बारा तासांहून अधिक पाण्याखाली राहिले. ओली फळी वाळताना आकसते आणि वरचा रंग सुटतो. तेव्हाच्या कारागिरांनी रंग पडू नये म्हणून त्यावर कागद चिकटविले आणि फळ्या ठेवून दिल्या. दुरुस्तीची विद्या त्यांच्यापाशी तेव्हा नव्हती. ती आली दुसऱ्या पिढीत. पुरानंतर बरोबर ५० वर्षांनी, २०१६ साली, ते चित्र पुन्हा भिंतीवर लागले. ज्यांनी कागद चिकटविले त्यांतले कितीजण ते पाहायला जिवंत होते कोण जाणे.

आपल्याकडे चिपळूणला १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २००५ च्या पुरात त्याचे नुकसान झाले, लोकांनी ते सावरले, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी पुन्हा आत आले. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या नगर वाचनालयाचीही तीच गत झाली. २०२१ साली आमच्या संघटनेचे वीस-बावीस लोक चिपळूणला गाळ काढायला गेले होते. त्या वेळी मी पाहिले की घरोघर लोक भिजलेली कागदपत्रे उन्हात अंगणात टाकत होते: सातबारे, मुलांचे दाखले, आजोबांचे फोटो. कडक उन्हात कागद वाकडा होतो आणि पाने एकमेकांना धरून बसतात. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवावेत. फार असतील तर पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने एक एक काढता येतो. ही साधी गोष्ट त्या दिवशी कोणाला माहीत असती तर कितीतरी घरांचे पुरावे वाचले असते.

असो. आता राहायचे कुठे आणि खर्चायचे काय, या प्रश्नाकडे येऊ.

आपत्तीत घर पडले तर सरकार मदत देते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्र सरकारने ठरविलेले दर असे होते: सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. राज्य सरकार कधी कधी यात भर घालते, ते मान्य. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पहा. आपले दगडमातीचे घर, मग ते दीडशे वर्षे उभे असो, पंचनाम्यात कच्चे ठरते. त्याची एक भिंत खचली. चार हजारांत आजच्या हजेरीने एक गवंडी आणि दोन बिगारी जेमतेम दोन दिवस येतील. दगड, चुना, टेकूची लाकडे बाजूलाच राहिली. तेच घर पूर्ण पडले तर सव्वा लाखाच्या आसपास. एका गावी पंचनाम्याच्या आदल्या रात्री एका माणसाने आपल्या घराच्या उरलेल्या भिंती पहारीने पाडल्या. त्याला मी दोष देत नाही. त्याला हिशेब येत होता. दोष असेल तर त्या हिशेबात आहे, की जो घर वाचवील त्याला चार हजार आणि जो पडू देईल त्याला त्याच्या तीसपट.

माझे मागणे मोठे नाही. पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना वाढवा: घर दुरुस्त होण्याजोगे आहे काय? असल्यास टेकूचा खर्च ताबडतोब, आठवड्याच्या आत. भिंत वाळेपर्यंतचे घरभाडे. आणि दुरुस्तीची रक्कम काम होईल तशी. एकूण खर्च नव्या घराच्या मदतीपेक्षा कमीच येईल, असे आमचे गवंडी सांगतात, आणि घर वाचेल ते वेगळेच.

दुसरे मागणे त्या गवंड्याविषयी. आपल्या तालुक्यात जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, पळशीला पळशीकरांचा वाडा आहे, पारनेरला सिद्धेश्वर आहे. यांना आपण वारसा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या हातांनी वाड्याची भिंत रचली त्याच हातांनी ओढ्याकाठच्या वस्तीतली दोन खणांची खोलीही रचली. पाणी प्रथम त्या खोलीत शिरते, कारण ती गावाच्या सखल अंगाला असते, आणि ती कोणत्याही यादीत नसते. आणि ते हात तर कुठल्याच यादीत नाहीत. लोणाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या. घाणीचे चाक कुठे देवळापाशी बसायला ठेवलेले दिसते. चुना विरवायला आणि मळायला येणारा गवंडी आमच्या संघटनेत मी मोजला तर दोन्ही हातांची बोटे पुरतात, आणि त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांची मुले सिमेंटच्या कामावर जातात. का जाणार नाहीत? तिथे रोज हजेरी मिळते.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी देशाने कायदा केला. त्यात नुसते नवे बांधकाम नव्हे, दुरुस्तीही धरलेली होती, हे मी मुद्दाम सांगतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेऊन मजुरांचे कल्याण करायचे, अशी ती व्यवस्था. महाराष्ट्रात त्यासाठी २०११ पासून मंडळ आहे. पण नाव नोंदवायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मोठ्या इमारतीवरच्या मजुराला ठेकेदार तो देतो. घरे सावरणारा गवंडी आठ दिवस इथे, पाच दिवस तिथे, मध्ये भिंत वाळेपर्यंत रिकामा. त्याच्या थांबण्यातच त्याचे कसब आहे आणि त्याच थांबण्यापायी त्याचे ९० दिवस भरत नाहीत. एका कचेरीत मी अशा एका वृद्ध गवंड्याला घेऊन गेलो होतो. तेथील गृहस्थांनी विचारले, "तुमचा मालक कोण?" म्हातारा म्हणाला, "साहेब, कोणत्या भिंतीचा सांगू?" त्याचा अर्ज परत आला. पुढे सात घरमालकांच्या सह्या आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडून आम्ही तो पुन्हा दिला, तेव्हा नोंद झाली. एका माणसासाठी चार महिने गेले. आता बाकीच्यांचे अर्ज तयार करीत आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा गवंड्याने काम केले असेल त्यांनी तारखा लिहून सही द्यावी, एवढी विनंती आहे. त्याला तुमच्या पैशापेक्षा तुमच्या सहीची गरज जास्त आहे.

आणि त्या म्हाताऱ्याने एक अट घातली आहे. त्याला दोन मुले शिकायला हवीत, पगारावर. फुकट शिकवून घेणार नाही म्हणतो, कारण फुकट शिकणारा पहिल्या उन्हात पळतो. दोन मुलांची वर्षाची हजेरी कोठून काढायची, याचा विचार संघटनेत चालू आहे. वाड्यांच्या मालकांनी, देवस्थानांनी, गावच्या ग्रामपंचायतींनी त्यात वाटा उचलला तर पुढच्या पावसाळ्यानंतर काम सुरू करता येईल. त्यासाठी लागणारी जुनी घाणी एका वस्तीवर शाबूत आहे. चाक जागेवर नाही, पण ते कुठे आहे ते आम्हांला ठाऊक आहे.

मृग नक्षत्राला अजून काही आठवडे आहेत. ज्यांच्या खिशात किल्ल्या आहेत त्यांनी जाण्यापूर्वी एकदा आपल्या माळवदावर चढून पन्हळ पाहून जावे. कोणाच्या भिंतीने पोट काढले असेल तर व्याख्यानानंतर मला किंवा मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या गवंडी मंडळींना भेटावे. ते उद्या सकाळी येऊन पाहून जातील.